रिब्रीदरमधलं सोडा लाइम: साठवण आणि पुनर्वापराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिब्रीदर म्हणजे डायव्हरनं सोडलेला श्वास स्वच्छ करून त्यालाच पुन्हा देणारं यंत्र. श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारे त्यातले दाणे म्हणजे सोडा लाइम, आणि ते यंत्रातल्या ज्या भांड्यात भरतात ते कॅनिस्टर. ही उत्तरं रिब्रीदरचं प्रशिक्षण घेतलेल्या किंवा घेत असलेल्या डायव्हरांसाठी आहेत. तुमच्या यंत्राचं मॅन्युअल आणि तुमचा प्रशिक्षक वेगळं काही सांगत असतील तर त्यांचं ऐका. काही उत्पादक अर्धवट वापरलेला कॅनिस्टर पुन्हा वापरायला परवानगीच देत नाहीत. तुमचं यंत्र त्यांपैकी असेल तर पुनर्वापराचा प्रश्न तिथेच मिटला.

कॅनिस्टरमध्ये नेमकं असतं काय?

चुना. सुमारे पाऊण हिस्सा विझवलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. तीन-चार टक्के कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. उरलेलं जवळजवळ सगळं पाणी. दाणे हाताला कोरडे लागतात, म्हणून पाण्याचं कुणाला सुचत नाही, पण या पानावरच्या निम्म्या उत्तरांचं मूळ त्या पाण्यात आहे.

शाळेत चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकर मारली की ती दुधाळ व्हायची, तीच ही क्रिया. श्वासातला कार्बन डायऑक्साइड आधी दाण्यावरच्या पाण्यात विरघळतो. मग कॉस्टिक सोड्याशी त्याची क्रिया होऊन सोडियम कार्बोनेट बनतं. चुना त्या कार्बोनेटला धरतो, स्वतः कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतो आणि कॉस्टिक सोडा पुन्हा मोकळा करतो. सोडा मध्यस्थी करतो, खर्च होतो तो चुना. या सगळ्यात उष्णता सुटते आणि थोडं पाणीही तयार होतं, म्हणून चालू कॅनिस्टर हाताला गरम लागतो.

१८७८ साली हेन्री फ्ल्यूस यांनी इंग्लंडमध्ये खरोखर वापरात आलेला पहिला रिब्रीदर बनवला, तेव्हा त्यात कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात भिजवलेला दोराचा काथ्या होता. आज दाणे आहेत, कार्बन डायऑक्साइड अल्कलीत अडकवायची युक्ती तीच आहे.

वापरलेले दाणे उन्हात वाळवून किंवा तापवून पुन्हा ताजे करता येतात का?

नाही. चुन्याचं कॅल्शियम कार्बोनेट झालं म्हणजे त्याची चुनखडी झाली. चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड पुन्हा बाहेर काढायला ९०० अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता लागते. कोकणात शिंपले भाजून चुना पाडायच्या भट्ट्या होत्या, त्या याच कामासाठी. घरच्या ओव्हनमध्ये फक्त पाणी उडेल, आणि दाण्यात जी थोडीफार ताकद उरलेली असेल तीही जाईल.

या विषयात ‘पुनर्वापर’ म्हणजे दाणे ताजे करणं नव्हे. आधी भरलेल्या, अर्धवट खर्च झालेल्या त्याच कॅनिस्टरची उरलेली मिनिटं वापरणं, एवढाच त्याचा अर्थ.

पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकू का?

कृपा करून टाकू नका. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आला आहे, आणि तो का येतो हेही समजतं. मुंबई-कोकणातल्या माणसाच्या हाडीमाशी भिनलेलं असतं की जून उजाडला की सगळं कोरडं ठेवायचं. कॅमेरा, कागदपत्रं, डाळी, पापड. डायव्हिंगचं निम्मं सामानही आपण त्याच धास्तीनं पुसतो. सोडा लाइमचा न्याय याच्या उलटा आहे. त्याच्या आतलं पाणी आत राहिलं पाहिजे. सिलिका जेल, तांदळाची पुरचुंडी, डीह्युमिडिफायर लावलेलं कपाट, हे सगळे त्याच्या पाण्यावर टपलेले असतात.

आजीचं चुनाळं आठवून बघा. उघडं राहिलं की चुना कडक व्हायचा, वर साय धरायची, आणि मग तो खडूसारखा नुसता पडून राहायचा. तो हवेनं पाणीही गमावत होता आणि हवेतला कार्बन डायऑक्साइडही खात होता. तुमच्या उघड्या डब्याची गत तीच होते, फक्त डोळ्याला दिसत नाही.

आजी चुन्यात पाण्याचा थेंब टाकून काम भागवायची. ते इथे करू नका. वरून घातलेलं पाणी दाण्यात समान मुरत नाही. काही दाणे चिकटून गठ्ठा होतो, काही तसेच राहतात, आणि मोकळं पाणी कॉस्टिक सोडा विरघळवून घेतं. कोरडा पडलेला साठा टाकूनच द्यायचा.

उघडलेला डबा घरी कसा ठेवायचा?

मूळ डब्यातच, झाकण घट्ट लावून, सावलीत. उत्पादक साधारणपणे शून्य ते ३५ अंश सेल्सिअसचं तापमान सुचवतात. आपल्याकडे शून्याची भीती नाही, पण गच्चीवरची पत्र्याची खोली आणि मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी ३५ अंश सहज ओलांडतात. थंड देशात राहणाऱ्या मराठी डायव्हरांनी उलट बाजू सांभाळावी. गॅरेजमध्ये गोठलेल्या दाण्यांतलं पाणी फुगतं, दाणे फुटतात आणि भुकटी होते.

२० किलोच्या डब्यातून दर वेळी अडीच किलो काढत बसलात तर तो सात-आठ वेळा उघडला जातो, आणि प्रत्येक वेळी आत आधीपेक्षा जास्त हवा शिरते. वर्षात मोजकेच डाइव्ह करणाऱ्यानं लहान डबे घ्यावेत. मोठाच घ्यावा लागला तर तो उघडल्याच दिवशी जाड, हवाबंद प्लास्टिकच्या डब्यांत एकेका भरण्यापुरता वाटून ठेवावा, डबे काठोकाठ भरावेत, आणि प्रत्येकावर नाव, बॅच क्रमांक, मुदत आणि उघडल्याची तारीख लिहावी. ॲल्युमिनियमचे डबे नकोत, ओलसर कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं.

आणि हे मनापासून सांगतो: स्वयंपाकघरात ठेवू नका, बरणीत तर मुळीच नको. पांढरे, दीड-दोन मिलिमीटरचे दाणे लांबून साबुदाण्यासारखे दिसतात. घरात लहान मूल असेल, किंवा कमी दिसणारं वडीलधारं माणूस असेल, तर डबा कुलपात ठेवा.

भुकटीचं काय करायचं?

डब्याच्या तळाशी राहते ती भुकटी कॅनिस्टरमध्ये ओतू नका. ती वायूची वाट अडवते आणि श्वासात गेली तर घसा भाजते. दाणे ओतताना उघड्या हवेत, वाऱ्याकडे पाठ करून, चष्मा, मास्क आणि हातमोजे घालून सावकाश ओता. डबा आदळत-आपटत नेला असेल तर भुकटी जास्त निघते. आपल्या रस्त्यांवरून गाडीच्या डिकीत नेताना खाली जाड टॉवेल घाला.

अर्धवट वापरलेला कॅनिस्टर किती दिवस ठेवता येतो?

बरीच वर्षं याचं उत्तर ज्याच्या-त्याच्या गुरूवर अवलंबून होतं. कुणी म्हणे रात्रीत बाद होतो, कुणी म्हणे महिनाभर काही होत नाही. मग २०१८ साली डायव्हिंगचे संशोधक नील पोलॉक, सायमन मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून प्रसिद्ध केलं, आणि निदान एका यंत्रापुरतं बोलायला काही हाताशी आलं.

त्यांनी इव्होल्यूशन प्लस रिब्रीदरच्या कॅनिस्टरमध्ये २.६४ किलो सोफ्नोलाइम ७९७ (डायव्हिंगच्या सोडा लाइमचा एक प्रकार) भरलं. यंत्राला यांत्रिक श्वास दिला, मिनिटाला ४५ लिटर, आणि त्यात मिनिटाला २ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडला. हे जोरदार मेहनतीचं प्रमाण झालं. निवांत बसलेला माणूस मिनिटाला पाव लिटरच्या आसपासच सोडतो. ९० मिनिटं चालवल्यावर कॅनिस्टर न उघडता, भरलेल्या अवस्थेतच बाजूला ठेवले. काही रात्रभर उघडे, काही २८ दिवस उघडे, काही २८ दिवस प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून सीलबंद. मग पुन्हा यंत्रात बसवले आणि आत येणाऱ्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब १ किलोपास्कलच्या वर जाईपर्यंत चालवले.

एकूण मिनिटं सरासरीनं अशी भरली: रात्रभर उघडे ठेवलेले २३९, महिनाभर सीलबंद ठेवलेले २४१, महिनाभर उघडे ठेवलेले १८८.

पहिली ९० मिनिटं वजा केली की चित्र अधिक स्पष्ट होतं. सीलबंद कॅनिस्टरकडे सुमारे १५० मिनिटं शिल्लक होती, उघड्याकडे ९८. शिल्लक राहिलेल्यातला तिसरा हिस्सा नुसता कपाटात बसून गेला. दुसरी गोष्ट, विश्रांतीनं कुणाचं काही वाढलं नाही. महिनाभर आराम केलेला सीलबंद कॅनिस्टर एका रात्रीच्या कॅनिस्टरइतकाच चालला. ‘ठेवला की परत ताकद येते’ हा समज डोक्यातून काढून टाकायला एवढं पुरे.

मात्र हे आकडे स्वतःची मर्यादा म्हणून वापरू नका. १ किलोपास्कल हा प्रयोग थांबवायचा बिंदू होता. रिब्रीदरच्या युरोपीय मानकाची चाचणी त्याच्या निम्म्यावर, अर्ध्या किलोपास्कलला, संपते. शिवाय प्रयोग टेबलावर झाला, पाण्याखाली नाही.

मग तुम्ही स्वतः काय करता?

संध्याकाळी डाइव्ह संपला आणि सकाळी पुन्हा पाण्यात उतरायचं असेल तर कॅनिस्टर तसाच वापरतो, मिनिटं शिल्लक असतील तर. एका रात्रीहून जास्त थांबायचं असेल तर कॅनिस्टर बाहेरून पुसून, न उघडता, व्हॅक्यूम पिशवीत सील करतो. स्वयंपाकघरातलं व्हॅक्यूम सीलर यंत्र या कामाला चालतं, फक्त ते मग स्वयंपाकघरात परत नेत नाही. आठवडाभराच्या सहलीत एवढ्यावर भागतं. महिन्यानं पुन्हा वापरायचा प्रश्न आला तर मी ओतून टाकतो. प्रयोगाच्या हिशेबानं तो सीलबंद कॅनिस्टर चालायला हवा हे मला मान्य आहे. पण महिनाभरात पिशवीला कुठे बारीक छिद्र पडलं का, कॅनिस्टर कुणी आडवा पाडला का, आतले दाणे बसून वर पोकळी झाली का, हे मला ठाऊक नसतं. प्रयोगशाळेत ते सगळं ठाऊक होतं.

दाणे बाहेर ओतून, हवा देऊन परत भरले तर?

कधीही नाही. या पानावरची एकच ओळ लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

कॅनिस्टर सगळीकडून सारखा खर्च होत नाही. वायू जिथून शिरतो तिथले दाणे आधी संपतात आणि क्रियेची आघाडी हळूहळू बाहेर पडायच्या तोंडाकडे सरकते. अर्ध्यावर थांबलात तर अलीकडचे दाणे मेलेले आणि पलीकडचे ताजे, अशी रांग लागलेली असते. ती रांग मोडली नाही तर पलीकडचे ताजे दाणे शेवटपर्यंत पहारा देतात. ओतून परत भरलं की मेलेले आणि ताजे मिसळतात. बाहेरच्या तोंडापाशीही मेलेले दाणे येतात, आणि वायूला न अडता निघून जायच्या वाटा मिळतात. मिनिटांचा हिशेब कागदावर बरोबर असतो, आत मात्र त्याला काही अर्थ उरलेला नसतो.

याच कारणानं कॅनिस्टर उलटा बसवू नका, आणि वरची खळी भरून काढायला मूठभर नवीन दाणेही टाकू नका. दाणे खाली बसून सैल झाले असतील तर तो कॅनिस्टर वायूला आडवाट देणार. रिकामा करा, नव्यानं भरा.

दोन कॅनिस्टरच्या यंत्रात अदलाबदल चालते ना?

रेव्होसारख्या यंत्रात वायू एकामागोमाग दोन कॅनिस्टरमधून जातो. तिथे पहिला काढून टाकायचा, दुसरा पहिल्याच्या जागी आणायचा आणि मागे ताजा लावायचा, अशी पद्धत आहे. तीही उत्पादकाच्या तक्त्यानुसारच. लक्ष द्या, दाणे इथेही कुणी ढवळत नाही, आणि ताजे दाणे शेवटीच राहतात. एकाच कॅनिस्टरच्या यंत्राला हा नियम लावू नका.

रंग बदलणारे दाणे वापरले तर कळेलच की कधी संपलं?

नाही कळत. रंगद्रव्य दाण्याच्या आम्ल-अल्कलीपणावर बदलतं. शल्यक्रियागृहात भूल देणाऱ्या यंत्रातले दाणे पांढऱ्याचे जांभळे होतात ते यामुळेच. पण थोडा वेळ पडून राहिले की कॉस्टिक सोडा पुन्हा पृष्ठभागावर येतो आणि रंग परत फिकट होतो. चुना मात्र परत आलेला नसतो. रात्रभर ठेवलेला जांभळा कॅनिस्टर सकाळी पांढरा दिसला तर ती फसवणूक आहे.

हॉस्पिटलात मिळणारं सोडा लाइम वापरू का? ते सहज मिळतं.

मोह मी समजू शकतो. डायव्हिंगच्या प्रतीचा माल आपल्याकडे परदेशातून यावा लागतो आणि भूलशास्त्राचं सोडा लाइम शहरात मिळतं. पण ते दाणे बहुधा मोठे असतात. सोफ्नोलाइम ७९७ चे दाणे १ ते २.५ मिलिमीटरचे. दाणा मोठा की त्याच वजनात पृष्ठभाग कमी, आणि पाठीवरच्या लहान कॅनिस्टरमध्ये वायूला थांबायला वेळ आधीच कमी. तुमच्या यंत्राची मिनिटं ज्या मालावर तपासली गेली तोच माल भरा. भिंतीला लावायचा किंवा पानाला लावायचा चुना हा पर्याय नाही, हेही विचारलं गेलं आहे म्हणून लिहितो.

मिनिटं नेमकी कशी मोजायची?

लूपमधून, म्हणजे श्वास फिरवणाऱ्या यंत्राच्या बंद नळीमार्गातून, घेतलेला प्रत्येक श्वास मोजायचा. बोटीवरचं प्री-ब्रीद (उतरण्याआधी यंत्रावर घेतलेले श्वास), पृष्ठभागावर पोहत घालवलेली दहा मिनिटं, वर येताना घ्यायचे डेकोचे थांबे, सगळं. डाइव्ह कॉम्प्युटर पाण्याखालची वेळ सांगतो, ती कमी भरते.

मी कॅनिस्टरवरच रुंद चिकटपट्टी लावतो आणि न पुसणाऱ्या पेननं लिहितो: भरल्याची तारीख, बॅच, कुणी भरला, आणि प्रत्येक डाइव्हनंतर किती मिनिटं. वही वेगळी ठेवली की ती नेमकी दुसऱ्या बॅगेत राहते.

समजा तुमच्या यंत्राची मर्यादा १८० मिनिटं आहे. आज ८० आणि ७० मिनिटांचे दोन डाइव्ह झाले. शिल्लक ३०. उद्याचा डाइव्ह ६० मिनिटांचा. इथे ‘उद्या पाणी कोमट आहे, चालून जाईल’ असा विचार डोकावतो. तो डाइव्ह नव्या कॅनिस्टरवर करायचा.

थंड पाणी, जास्त खोली आणि प्रवाहाविरुद्धची मेहनत, या तिन्हींनी मिनिटं घटतात. अंदमानात किंवा थायलंडमध्ये जो कॅनिस्टर तीन तास निभावतो तो युरोपातल्या गारठलेल्या खाणीत तेवढा निभावेल असं धरू नका. आणि पट्टीवरचा आकडा पुसला गेला किंवा मित्रानं न सांगता वापरला असेल तर तो कॅनिस्टर संपलेला समजा.

पाच मिनिटं प्री-ब्रीद केलं की बिघाड लक्षात येतोच ना?

प्री-ब्रीद जरूर करा. ऑक्सिजनची यंत्रणा चालते का हे त्यात कळतं. स्क्रबरची, म्हणजे दाणे भरलेल्या कॅनिस्टरची, परीक्षा म्हणून मात्र त्यावर विसंबू नका. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांना न सांगता कधी नीट, कधी अर्धवट निकामी, तर कधी स्क्रबरच नसलेल्या रिब्रीदरवर पाच मिनिटं श्वास घ्यायला लावला. अर्धवट निकामी स्क्रबर बहुतेकांच्या लक्षात आला नाही. स्क्रबर अजिबात नसतानाही काही जण शांतपणे पाच मिनिटं श्वास घेत राहिले.

कार्बन डायऑक्साइड वाढला हे पाण्याखाली कसं कळतं?

धाप लागते, डोकं ठणकतं, कारण नसताना भीती दाटते, विचार अडखळतात. काहींना यांतलं काहीच न जाणवता शुद्ध हरपते. वाढलेला कार्बन डायऑक्साइड मेंदूचा रक्तप्रवाह वाढवतो, त्यामुळे ऑक्सिजनच्या विषबाधेचा धोकाही वाढतो. शंका येताच लूप सोडा आणि ओपन सर्किट बेलआउटवर, म्हणजे सोबतच्या साध्या आणीबाणीच्या सिलिंडरवर, जा. उशीर झाला तर धाप इतकी वाढते की तोंडातून माउथपीस काढायचं धैर्य होत नाही. तोंडातून न काढताच बेलआउटवर नेणारा बेलआउट व्हॉल्व्ह असलेलं माउथपीस म्हणूनच मला चैन वाटत नाही, गरज वाटते. बेलआउटवर गेल्यावर बरं वाटलं म्हणून लूपवर परत येऊ नका.

कॅनिस्टरमध्ये पाणी शिरलं तर वाळवून वापरता येईल?

नाही, ओतून टाका. शिरलेल्या पाण्यात कॉस्टिक विरघळून तीव्र अल्कली तयार होते. ती तोंडात आली तर त्याला डायव्हर ‘कॉस्टिक कॉकटेल’ म्हणतात. तोंड, घसा पोळतात. लगेच बेलआउटवर जा. वर आल्यावर गोड्या पाण्यानं पुन्हा पुन्हा चुळा भरा आणि डॉक्टरांकडे जा. व्हिनेगर किंवा लिंबू लावायला जाऊ नका.

विमानातून नेता येतं का?

४ टक्क्यांहून जास्त सोडियम हायड्रॉक्साइड असलेलं सोडा लाइम घातक माल म्हणून नोंदलं जातं. डायव्हिंगचे प्रचलित प्रकार बहुधा त्याखाली असतात. तरी उत्पादकाचं सुरक्षा पत्रक छापून डब्यासोबत ठेवा आणि एअरलाइनला आधी विचारा. पांढरे दाणे भरलेली, लेबल नसलेली पिशवी विमानतळावर काढून दाखवायची वेळ येऊ देऊ नका.

वापरलेले दाणे कुठे टाकायचे?

समुद्रात नाही, बोटीवरून तर नाहीच. बराचसा भाग चुनखडी झालेला असला तरी न संपलेला चुना आणि सगळा कॉस्टिक सोडा त्यात असतोच. कुंडीतही घालू नका. जाड पिशवीत बांधून, वर ठळक लिहून, स्थानिक नियमांप्रमाणे सुक्या कचऱ्यात द्या. गरम असेल तर आधी गार होऊ द्या. रिकामा झालेला २० किलोचा डबा छान मजबूत असतो आणि आपल्या घरांतून असा डबा सहसा बाहेर जात नाही. तो धान्य किंवा पाणी भरायला वापरू नका. धुऊन, लेबल फाडून, झाकण वेगळं करून भंगारात द्या.